लघवीतून जास्त कॅल्शियम जाणं, मुतखडा आणि हाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि मुतखड्याचे रुग्ण मला रोज भेटतात. त्यांच्यातले निम्मे तरी समोर बसताच सांगतात, "मॅडम, दूध-दही तर मी कधीच सोडलंय." ते ऐकलं की मला आई आठवते. चाळिशी उलटल्यावर तिला दोनदा खडा झाला. "कॅल्शियमचा खडा आहे, दुधाचं सगळं बंद करा," असं तिला सांगण्यात आलं आणि तिने बारा वर्षं ते निष्ठेने पाळलं. चहासुद्धा कोरा. रोजच्या जेवणातलं लोणचं आणि पापड मात्र तसेच राहिले, कारण त्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. मग एकदा मोरीतली कळशी उचलताना तिच्या पाठीत कळ आली. एक्स-रेत पाठीचा एक मणका दबलेला दिसला. त्यानंतर पहिल्यांदाच तिची चोवीस तासांची लघवी तपासली गेली.

या पानावरची उत्तरं तिच्यासारख्या माणसांसाठी लिहिली आहेत. तुमच्या औषधांचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, पण त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असायला हवं.

लघवीतून कॅल्शियम तर सगळ्यांचंच जातं. मग "जास्त" कधी म्हणायचं?

मूत्रपिंडं दिवसभरात साधारण १० ग्रॅम कॅल्शियम गाळतात आणि त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त रक्तात परत घेतात. उरलेलं थोडंसं लघवीवाटे जातं. बाईच्या लघवीत दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि पुरुषाच्या लघवीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम निघालं, तर त्याला हायपरकॅल्सियुरिया म्हणतात. वजनाच्या हिशेबाने पाहायचं तर किलोमागे ४ मिलिग्रॅम ही सीमा धरतात.

ही सीमारेषा माणसांनी आखलेली आहे. २४५ आलं म्हणून निर्धास्त व्हावं आणि २५५ आलं म्हणून घाबरून जावं, असं काही नसतं. आकडा जसा चढतो तसा खड्याचा धोका वाढत जातो, इतकंच. ज्यांना वारंवार कॅल्शियमचे खडे होतात, त्यांच्यात हा दोष सगळ्यांत जास्त सापडतो. तपासलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या लोकांपर्यंत तो दिसतो. दुसरीकडे, लघवीतून जास्त कॅल्शियम जात असूनही जन्मभर एकही खडा न झालेली माणसंही पुष्कळ आहेत.

असं का? कॅल्शियम जास्त गेलं की खडा होतोच, असं नाही का?

साखरेचा पाक आठवा. पाणी आटत गेलं की पाक घट्ट होतो आणि एका क्षणी कडेने साखर धरू लागते. लघवीतही तसंच घडतं. कॅल्शियम, ऑक्झलेट आणि फॉस्फेट पाण्यात विरघळलेले असतात. पाणी कमी पडलं किंवा यांतलं काही वाढलं की त्यांचे स्फटिक धरतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

पाकात साखर धरू नये म्हणून आपण लिंबाचे चार थेंब पिळतो. लघवीत हे काम सायट्रेट करतं. पाकातली रासायनिक क्रिया वेगळी असते, पण परिणाम तसाच. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक जमू देत नाही. म्हणून एखाद्याच्या लघवीत कॅल्शियम जास्त असलं, पण पाणी आणि सायट्रेट भरपूर असलं, तर तो खड्यापासून वाचतो. दुसऱ्याचं कॅल्शियम जेमतेम सीमेवर असतं, पण तो दिवसभर उन्हात राबतो, पाणी पीत नाही, आणि त्याला दर दोन वर्षांनी खडा होतो.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे. मग लघवीत जास्त कसं निघालं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्यावर अवलंबून असते. म्हणून ते जरा कमी झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात आणि हाडांमधून कॅल्शियम काढून घेतात. घरखर्चाला पैसे कमी पडले की ठेव मोडावी, तसं. हातातली रोकड कायम तेवढीच दिसते. ठेव किती उरली हे मात्र त्यावरून कळत नाही.

रक्त नॉर्मल, लघवीत कॅल्शियम जास्त आणि त्यामागे दुसरा कुठलाही आजार सापडत नाही, या अवस्थेला १९५३ मध्ये फुलर ऑल्ब्राइट या अमेरिकन डॉक्टरांनी "इडिओपॅथिक" हायपरकॅल्सियुरिया हे नाव दिलं. कारण सापडत नाही, असा त्याचा अर्थ. बहुसंख्य रुग्ण याच गटात मोडतात.

रक्तातलंही कॅल्शियम वाढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी पीटीएच तपासायला हवं, कारण पॅराथायरॉइड ग्रंथीवरची एखादी छोटी गाठही यामागे असू शकते आणि शस्त्रक्रियेने ती पूर्ण बरी होते. सार्कॉइडोसिस (फुप्फुसांत आणि इतरत्र सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), थायरॉइडचा अतिरेक, स्टेरॉइडच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाचा जादा डोस, फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधं, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणं, यांनीही लघवीतलं कॅल्शियम वाढतं. अंतराळवीरांचंही वाढतं, कारण वजन पेलायचं काम नसलं की हाडं झिजू लागतात.

हे जास्तीचं कॅल्शियम येतं तरी कुठून?

तीन ठिकाणांहून. आतड्यातून गरजेपेक्षा जास्त शोषलं जातं, हाडांमधून सुटतं, किंवा मूत्रपिंडं गाळलेलं पुरेसं परत घेत नाहीत. १९७४ मध्ये चार्ल्स पाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तीन कारणांवरून रुग्णांचे तीन गट पाडले होते. अनेक वर्षं डॉक्टर त्याच गटांनुसार आहार सांगायचे. ज्याचं आतडं जास्त शोषतं, त्याने कॅल्शियम कमी खावं, असं.

आता चित्र इतकं सरळ राहिलेलं नाही. एकाच माणसात तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या असू शकतात. आणि महत्त्वाचं म्हणजे, अशा रुग्णांना अगदी कमी कॅल्शियमचं जेवण दिलं, तरी त्यांच्यातल्या अनेकांच्या लघवीतून कॅल्शियम जातच राहतं. कधीकधी तर खाल्लेल्यापेक्षाही जास्त जातं. ते हाडांखेरीज दुसरीकडून कुठून येणार?

म्हणजे दूध-दही बंद करायचं नाही?

नाही. हे उत्तर मी जितक्या ठामपणे देते तितकं दुसरं कुठलंच देत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या ४५ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जेवणातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले आढळले. सगळेच चक्रावले. मग २००२ मध्ये इटलीतल्या पार्मा शहरातल्या डॉक्टरांनी थेट चाचणी घेतली. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे आणि वारंवार खडे होणारे १२० पुरुष निवडले. निम्म्यांना कॅल्शियम कमी असलेला आहार दिला, दिवसाला साधारण ४०० मिलिग्रॅमचा. उरलेल्या निम्म्यांना कॅल्शियम नेहमीइतकंच दिलं, साधारण १२०० मिलिग्रॅम, पण मीठ आणि मांसाहार कमी केला. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या १२ जणांना. जवळपास निम्मे.

याचं कारण आतड्यात आहे. जेवणातलं कॅल्शियम तिथेच ऑक्झलेटला पकडतं आणि दोघं शौचावाटे बाहेर पडतात. कॅल्शियम कमी पडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. दूध सोडून आपण खड्याचा अर्धा कच्चा माल वाढवून ठेवतो आणि हाडांनाही उपाशी मारतो.

म्हणून कॅल्शियम जेवणासोबत पोटात जायला हवं. रात्री झोपताना नुसत्याच घेतलेल्या दुधापेक्षा दुपारच्या ताटातली दह्याची वाटी या कामी जास्त उपयोगी पडते. आपल्याकडे पालक ताकातला करायची पद्धत आहे, ती या हिशेबाने उत्तमच म्हणायची.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पाळी गेलेल्या बायकांना १२००. एका मोठ्या पेल्यात, म्हणजे २५० मिलिलिटर दुधात, साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास असतं, त्यामुळे एका भाकरीतून दीडशेच्या पुढेमागे मिळावं. या गरजेच्या फार वर जाऊन दिवसाला दोन लिटर दूध प्यायची काहीच गरज नाही.

मग कमी काय करायचं?

मीठ. माझ्या मते सगळ्यांत आधी मीठ, आणि सगळ्यांत जास्त जोर लावून.

मूत्रपिंडाच्या ज्या भागात सोडियम परत घेतलं जातं, तिथेच त्याच्या पाठोपाठ कॅल्शियमही परत घेतलं जातं. मीठ जास्त खाल्लं की शरीर सोडियम बाहेर टाकतं आणि कॅल्शियमही त्याच्याबरोबर वाहून जातं. ढोबळ हिशेब असा, की साधारण ६ ग्रॅम जादा मिठामागे लघवीतलं कॅल्शियम ४० मिलिग्रॅमने वाढतं. खडे होणाऱ्यांमध्ये ही वाढ याहूनही जास्त दिसते. रोजचे ४० मिलिग्रॅम कमी वाटतात, पण वर्षाचा हिशेब जवळजवळ १५ ग्रॅमवर जातो.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. लोक म्हणतात, "आम्ही वरून मीठ घेतच नाही." मी त्यांना एक सोपं काम देते. मिठाची एक किलोची नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅमने ती ५० दिवस पुरायला हवी. २५ दिवसांत संपली तर प्रत्येकाच्या पोटात रोज १० ग्रॅम गेलं. आणि यात लोणचं, पापड, सांडगे, खारवलेल्या मिरच्या, फरसाण, बिस्किटं, पाव, बाहेरची भेळ-मिसळ हे धरलेलंच नाही. कोकणातल्या घरांत सुकट-बोंबीलही त्यात मोजावे लागतात. आमच्या घरची पुडी आईच्या तपासणीनंतर मी अशीच मोजली होती. तीन माणसांत ती एकतीस दिवसांत संपली. लोणच्याची बरणी वेगळीच.

सैंधव किंवा काळं मीठ घेतल्याने काही फरक पडत नाही, त्यांतही सोडियमच असतं. "कमी सोडियम"वाल्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचं काम कमी झालेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

भाकरी-पोळीच्या पिठात मीठ न घालणं, भातात न घालणं आणि आमटीत नेहमीच्या दोनतृतीयांश घालणं, इथून सुरुवात करा. पहिले दहा-पंधरा दिवस जेवण अळणी लागतं, मग जीभ सरावते. लिंबू, चिंच, आमसूल, आलं, लसूण, कोथिंबीर हाताशी असली की सोपं जातं.

मटण, अंडी, प्रोटीन पावडर?

प्राणिज प्रथिनं जास्त झाली की शरीरात आम्ल वाढतं. ते निपटायला हाडांमधले क्षार खर्ची पडतात, लघवीतलं कॅल्शियम वाढतं आणि सायट्रेट घटतं. मांसाहार सोडायची गरज नाही. रोज दोन वेळा असेल तर तो एक वेळेवर आणा, ताटातला तुकडा लहान करा आणि भाज्या-फळं वाढवा. जिममध्ये जाणारी मुलं पंचवीस-तिशीत पहिला खडा घेऊन येतात, तेव्हा दिवसाला पावडरचे किती चमचे घेता, हे मी हटकून विचारते. साखरही विसरू नका. गोड पेयांनी लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

टोमॅटो, वांगं, पेरू बंद? बियांमुळे खडे होतात ना?

नाही. बी आतड्यातून जाते, मूत्रपिंडात नाही. टोमॅटोत ऑक्झलेट फार थोडं असतं.

ऑक्झलेट भरपूर असतं ते पालक, अळू, चुका, बीट, बदाम-काजू यांत. अळू खाजतं तेच मुळी कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणजे बहुतेक खडे ज्याचे बनतात, तोच पदार्थ अळूच्या पानात आपल्याला जिभेवर जाणवतो. पण श्रावणात एकदा अळूची भाजी खाल्ल्याने कुणाला खडा होत नाही. अडचण रोजच्या हिरव्या स्मूदीची आहे, ज्यात कच्च्या पालकाची अख्खी जुडी जाते. पालेभाजी उकडून ते पाणी टाकून दिलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊ नका, त्याचंही शरीरात ऑक्झलेट होतं.

पाणी किती प्यायचं?

किती प्यालात यापेक्षा लघवी किती झाली ते पाहा. दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटालियन चाचणीत पहिलाच खडा झालेल्या १९९ जणांपैकी निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला लावलं होतं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. पाण्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

आपला मुलूख गरम. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान या पट्ट्यात मुतखड्याचं प्रमाण जास्त असल्याचं वैद्यकात पूर्वीपासून नोंदलेलं आहे. मे महिन्यात विदर्भात शेतात, भट्टीवर किंवा रिक्षात बसून दिवस काढणाऱ्याला तीन लिटरही पुरत नाहीत, कारण बरंचसं घामातच जातं. लघवीचा रंग पाहा. फिकट, जवळजवळ पाण्यासारखा हवा.

आणि एक गोष्ट लिहायलाच हवी. माझ्याकडे येणाऱ्या बायका, शिक्षिका, कंडक्टर, बंदोबस्तावरच्या पोलीस, बाजारात भाजी विकणाऱ्या, सांगतात की त्या सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायला स्वच्छ मुतारी नसते. त्यांना "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगून माझं काम संपत नाही. मग आम्ही मिळून वेळा ठरवतो. उठल्याबरोबर दोन पेले, निघण्याआधी तासभर काही नाही, मुतारी असेल त्या ठिकाणी पोहोचण्याआधी दोन पेले, घरी आल्यावर तीन, रात्री जेवणानंतर एक, आणि रात्री लघवीला उठलात तर पुन्हा अर्धा. लघवी सगळ्यांत घट्ट होते ती रात्रीच.

बोअरच्या जड पाण्याने खडे होतात, हा समज सगळीकडे आहे. त्याला ठोस आधार नाही. जड पाणी कमी पिण्यापेक्षा भरपूर पिणं बरं.

लिंबूपाणी चांगलं, त्यातून सायट्रेट मिळतं. पण मीठ आणि साखर घातलेलं सरबत नको. नुसतं लिंबू पिळा.

चोवीस तासांची लघवी गोळा कशी करायची? लॅबवाल्याने कॅन दिला आणि पाठवून दिलं.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात जाऊ द्या आणि वेळ लिहून ठेवा, समजा साडेसहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. शौचाला जाल तेव्हाचीही. दुसऱ्या दिवशी साडेसहाची पहिली लघवी कॅनमध्ये टाकली की संपलं.

काही कॅनमध्ये आधीच थोडं आम्ल घातलेलं असतं. म्हणून थेट कॅनमध्ये लघवी करू नका, आधी मगमध्ये घेऊन मग हळूच ओता. कॅनवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा. लहान मुलांचा हात पोहोचेल असा ठेवू नका. सुटीचा दिवस निवडा, पण जेवण-पाणी रोजच्यासारखंच असू द्या. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी चार लिटर पाणी पिऊन आणि अळणी जेवून आलात, तर रिपोर्ट त्या एका दिवसाचा येईल, तुमच्या आयुष्याचा नाही. खडा पडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे जाऊ द्या. शक्य असेल तर तपासणी दोनदा करा.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं?

आधी क्रिएटिनिन. हा स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक प्रमाणात निघून लघवीवाटे जाणारा पदार्थ. लघवी पूर्ण गोळा झाली का, हे त्यावरून कळतं. पुरुषात किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, बाईत १५ ते २०. फारच कमी आलं तर एखादी लघवी चुकली असणार आणि बाकीचे आकडे भरवशाचे नाहीत. मग एकूण लघवी, कॅल्शियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक आम्ल. आणि सोडियम नक्की मागून घ्या, अनेक पॅकेजमध्ये ते नसतं. सोडियम १०० मिलिमोल आलं तर जवळपास ६ ग्रॅम मीठ पोटात गेलं. आईचं १९० आलं होतं, म्हणजे ११ ग्रॅम.

याने हाडं खरंच ठिसूळ होतात?

लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या खड्याच्या रुग्णांमध्ये हाडांची घनता सरासरीने कमी आढळते, विशेषतः मणक्यांत. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर गावात पहिला खडा झालेल्या ६२४ जणांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला गेला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मणक्याची हाडं मोडण्याचं प्रमाण अपेक्षेच्या सुमारे चौपट निघालं. खुबा आणि मनगटात तशी वाढ दिसली नाही.

प्रत्येकाचं असं होत नाही. वय, पाळी जाणं, व्यायाम, तंबाखू-दारू, स्टेरॉइड, घरातला इतिहास हे सगळं त्यात येतं. आईच्या मणक्याचा दोष मी एकट्या दूध-बंदीवर टाकू शकत नाही. पण बारा वर्षं कॅल्शियम आत येतच नव्हतं आणि बाहेर जातच होतं, हेही मला डोळ्यांआड करता येत नाही.

वारंवार खडे, लघवीत जास्त कॅल्शियम आणि वय पन्नाशीच्या पुढे, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलेलं, उंची कमी झालेली, असं असेल तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा. खडा पाहणारे डॉक्टर वेगळे, हाडं पाहणारे वेगळे. दोघांच्या फायली तुम्हीच एकत्र करून दाखवा.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या घ्याव्यात का?

जेवणातून भागत असेल तर गोळी नको. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त, पाळी गेलेल्या बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये खड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलं. हे २००६ मधलं. हाडांसाठी गोळी लागणारच असेल तर ती जेवणासोबत घ्या, रिकाम्या पोटी नको. सायट्रेट स्वरूपातली मिळाली तर चांगलं. सुरू केल्यावर लघवीतलं कॅल्शियम पुन्हा तपासा.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आहे आणि ती भरून काढायलाच हवी. पण ६० हजार युनिटची पुडी ही आठवड्याला एक, ठरावीक आठवडे घ्यायची असते. कोर्स संपल्यावरही मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घेणारे लोक मी पाहिले आहेत. काहींनी तर आठवड्याची पुडी रोज घेतली. त्याने रक्तातलं आणि लघवीतलं दोन्ही कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

औषधं कोणती असतात?

थायझाइड गटातली, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. लघवी वाढवणारी असूनही ती लघवीतलं कॅल्शियम घटवतात. हाडांनाही त्यांचा फायदा होतो, असं दिसतं. मात्र २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांच्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइडच्या कुठल्याच डोसने खडे पुन्हा होणं ठळकपणे कमी झालं नाही. पोटॅशियम कमी होणं, साखर वाढणं, गाउट (युरिक आम्लामुळे सांधे सुजणं) हे त्रास मात्र जास्त दिसले. सहभागी लोकांचं मीठ जास्तच राहिलं होतं, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. मीठ चालू ठेवून थायझाइड घेतलं तर त्याचा असर कमी होतो, हे मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणून गोळी असली तरी मिठाचं पथ्य सुटत नाही. पोटॅशियम सायट्रेट हे औषध लघवीतलं सायट्रेट वाढवायला देतात. हाडांची घनता फार कमी असेल तर हाडांची औषधं वेगळी.

कुळथाचं कढण, पानफुटी, बिअर?

कुळथाचं कढण प्या, पण मीठ बेताने. पोटात पाणी जातं आणि प्रथिनं मिळतात. त्याने कॅल्शियमचा खडा विरघळतो, असं मी म्हणणार नाही. पानफुटीचंही तेच. बिअरने लघवी जास्त होते, पण मागाहून शरीरातलं पाणी घटतं. तीच लघवी साध्या पाण्याने होते.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या लघवीत कॅल्शियम जास्त निघालंय.

मुलांमध्ये खडा नसतानाही यामुळे लघवीतून रक्त जाणं, जळजळ, सारखं लघवीला जाणं, पोटदुखी असं होऊ शकतं. लहान मुलांची चोवीस तासांची लघवी गोळा करणं अवघड, म्हणून एका नमुन्यातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण पाहतात. मोठ्या मुलांत ते ०.२ च्या वर गेलं तर जास्त धरतात, तान्ह्या बाळांत मुळातच जास्त असतं. वाढत्या मुलाचं दूध कधीही बंद करू नका. चिप्स, कुरकुरे, नूडल्सचा मसाला आवरा आणि शाळेतली पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी येते ना, ते पाहा. मुलांच्या मूत्रपिंडविकार तज्ज्ञाला एकदा जरूर दाखवा, कारण लहान वयात काही आनुवंशिक आजार वगळावे लागतात.

घरातल्या बाकीच्यांनाही होईल का?

ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. आई-वडील किंवा भावंडांत खडे असतील तर पाणी आणि मीठ सगळ्यांनीच सांभाळावं. एकाच घरात दोन प्रकारचा स्वयंपाक तसाही निभत नाही.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

कळ आणि सोबत थंडी-ताप, लघवी पूर्ण बंद होणं, एकच मूत्रपिंड असताना किंवा गरोदरपणी कळ येणं, किंवा उलट्यांमुळे पाणीही पोटात न ठरणं. यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकतं.

आहार बदलल्यावर फरक कधी कळतो?

दीड-दोन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी पुन्हा तपासा, त्यानंतर वर्षातून एकदा. आईने मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आणि बारा वर्षांनी तिच्या ताटात दुपारी आणि रात्री दह्याची वाटी आली. दोन महिन्यांनी सोडियम १९० वरून ९५ वर उतरलं होतं. कॅल्शियम २९६ होतं, ते २३१ झालं. रिपोर्ट हातात घेऊन तिने मला पहिलं विचारलं ते असं, "म्हणजे आता चहात दूध घालू?"

घाल म्हटलं.